पुणे ते न्यू जर्सी, मार्गे बस तीन-चार

पडद्यावर सगळं ठीक चाललेलं असतं. उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत असते, पेटीच्या ट्रॅकशेजारचा हिरवा मीटर उड्या मारत असतो, म्हणजे पेटी वाजते आहे यात शंका नाही. फक्त ती कुणाला ऐकू येत नाही. मग संगणकावर गाणं करायला बसलेला तो माणूस स्पीकरचं बटण बघतो, मागची वायर हलवतो, ती काढतो, पिनेवर फुंकर मारतो आणि पुन्हा त्याच भोकात घालतो. याने काही होणार नाही हे त्याला ठाऊक असतं. पण मीटर असा नाचत असताना हातावर हात ठेवून बसणं शोभत नाही.

आवाज झालेला आहे, निघालेलाही आहे. पोचलेला नाही. संगीताचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह, रीपर. त्यात प्रत्येक ट्रॅकला एक बारीकशी यादी चिकटलेली असते की इथला आवाज जायचा कुठे. मास्टरकडे, बस एक-दोनकडे, बस तीन-चारकडे, हेडफोनकडे, किंवा कुठेच नाही. हा 'कुठेच नाही' पर्याय नवख्याला थट्टा वाटतो. तो किती कामाचा आहे ते पुढे सांगतो. या वाटावाटीला राउटिंग म्हणतात. घरगुती स्टुडिओत गाण्याला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट याला लागतो असं माझं मत आहे, आणि ते बदलण्यासारखं अजून काही घडलेलं नाही. रियाजाबद्दल थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. बस तीन-चारबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला खरं तर हे शास्त्र शिकवावं लागू नये. सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे, तेव्हा 'बाळ, आजोबांना सांग, पानं घेतलीयत' असा निरोप स्वयंपाकघरातून निघे. आजोबा माजघरात, हाकेच्या अंतरावर. त्यांनी तो ऐकलेलाच असे. तरी बाळ पुढ्यात येऊन सांगेपर्यंत ते पंचांगातून डोकं वर काढत नसत. निरोप कुठून निघायचा, कुणाच्या हातून जायचा, कुठे थांबायचा, सगळं ठरलेलं. तोच निरोप परसातल्या काकांना खणखणीत आवाजात जाई, माडीवरच्या पोरांना निम्म्या आवाजात, आणि न कळवता आलेल्या पाहुण्यांसमोर जावा एकमेकींना जे सांगत त्याला नुसत्या भुवया पुरत. 'हे आत्याच्या कानावर जाता कामा नये' अशी ताकीद असली तरी ते आत्यापर्यंत पोचायचंच, कारण मधल्या कुठल्यातरी फाट्यावर कुणीतरी तोंड बंद करायला विसरलेलं असे. स्टुडिओतही आवाज हरवतो तेवढ्याच वेळा तो नको तिथे जाऊन पोचतो, आणि दुसरं जास्त महागात पडतं.

रीपरने तर हे घरगुती नातं उघडच मान्य केलंय. विनॲम्प ज्याने केलं त्या जस्टिन फ्रँकेलचं हे सॉफ्टवेअर. त्यात एका ट्रॅकच्या पोटात दुसरे ट्रॅक ठेवता येतात. वरच्याला पेरंट म्हणतात, आतल्यांना चाइल्ड. पोरांनी काहीही आवाज केला तरी तो आधी पालकाकडे, तिथून मास्टरकडे. पोराला परस्पर बाहेर बोलायचं असेल तर 'पेरंट सेंड'समोरची खूण काढायची. खूण काढली आणि दुसरी वाट करून दिली नाही, की पोराचं तोंड हलतंय, शब्द फुटत नाही. एका ट्रॅकमध्ये तिथे ६४ वाहिन्या मावायच्या, सातव्या आवृत्तीपासून १२८ मावतात. एवढ्या वाहिन्या लागणारा माणूस मला भेटलेला नाही. पण घरही आपण गरजेपेक्षा मोठंच बांधतो आणि मग ते भरतं.

आता बस, म्हणजे अनेक ट्रॅकचे आवाज जिथे एकत्र येतात ती सामायिक वाट. चार गायकांच्या चार ट्रॅकना देवळातल्यासारखा घुमारा द्यायचा आहे. प्रत्येकाला वेगळं देऊळ बांधून दिलं तर संगणकाचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो. म्हणून देऊळ एकच बांधायचं, एका बसवर, आणि चौघांच्या आवाजाचा थोडा थोडा फाटा तिकडे काढून द्यायचा. कुणाला जास्त, कुणाला नावापुरता. या फाट्याला सेंड म्हणतात, आणि तो फेडरच्या, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या, आधी फुटतो की नंतर यावर सगळं अवलंबून असतं. घुमाऱ्याचा फाटा नंतरच फुटायला हवा. आधी फोडला, तर फेडर खाली ओढून गायकाला बाहेर काढल्यावरही त्याचा घुमारा मागे राहतो. गवई उठून घरी गेलेत आणि मंडपात त्यांचा निषाद फिरतोय, असा प्रकार.

आधी फुटणारा फाटा कशाला लागतो ते बघायचं असेल तर सवाई गंधर्व महोत्सवात जाऊन पुढच्या रांगेत बसावं. गवई आसन जमवतात, पहिला षड्ज लावतात, डोळे मिटतात, आणि उजव्या हाताचं बोट हळूच वर जातं. मागचा रसिक शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून म्हणतो, 'बघ, लागला!' बोट प्रत्यक्षात पुढ्यातल्या काळ्या मॉनिटरकडे असतं आणि त्याचा अर्थ एवढाच, की तानपुरा वाढवा. व्यासपीठावरच्या प्रत्येकाला वेगळं मिश्रण हवं असतं. गवयांना तानपुरा आणि थोडी पेटी. तबलजींना गवई हवेत, पेटी अजिबात नको. पेटीवाल्यांना सगळे थोडे थोडे आणि आपण स्वतः भरपूर. साउंडवाल्याने श्रोत्यांसाठी पेटी जरा खाली घेतली, तर गवयांच्या कानाशी असलेली पेटी जागची हलता कामा नये. म्हणून मॉनिटरकडे जाणारा फाटा फेडरच्या आधीच फुटतो. हे साधलं की मैफल रंगते आणि कौतुक गवयांचं होतं. नाही साधलं तर गवई माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, 'जरा मॉनिटर बघा हो' म्हणतात. साउंडवाल्याचा पगार या दोन वाक्यांमधल्या अंतराचा असतो.

'कुठेच नाही'बद्दल सांगायचं राहिलं. माझा भाचा नाचायचं संगीत करतो. एकदा त्याच्या पडद्यावर एक ट्रॅक मला दिसला: ढोलाचा नुसता ठोका, एकसारखा, गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्याचं आउटपुट 'नन'. मी म्हटलं, "हा ऐकू येत नाहीये रे."

"तो ऐकायचा नाहीये, मामा."

"मग ठेवलायस कशाला?"

"तू नाही ऐकायचा. बाकीच्या ट्रॅकनी ऐकायचा."

याला साइडचेन म्हणतात. बेसवर एक कॉम्प्रेसर बसवलेला असतो. तो दाबतो बेसला, पण कान लावून बसतो या मुक्या ठोक्याकडे. ठोका पडला की बेस खाली, ठोका सरला की बेस वर. गाणं श्वास घेतंय असं वाटतं ते यामुळे. भाच्याला वाटलं मला हे समजायला वेळ लागेल. पण आमच्या आजोबांची काठी ओसरीवर वाजली की आतले सगळे आवाज आपोआप खाली यायचे, आणि आजोबा स्वतः काहीच बोललेले नसायचे. मला ते तिथल्या तिथे समजलं.

हे सगळं पूर्वी वायरींनी व्हायचं, त्यामुळे निदान डोळ्यांना दिसायचं. स्टुडिओच्या भिंतीवर भोकांची पाटी असे, पॅच बे. या भोकातला आवाज त्या भोकात न्यायचा तर हातभर केबल दोन्हीकडे खोचायची. परळला राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई बसत, 'शोले'चं मिश्रण त्यांच्या हातचं. संवाद वेगळ्या फितीवर, पार्श्वसंगीत वेगळं, टापा आणि गोळ्या वेगळ्या; सगळं एका माणसाच्या बोटांखाली येऊन एक व्हायचं. लंडनच्या ॲबी रोडवर बीटल्सनी १९६७ सालचा 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं भरायचं. एकदा मिसळलं की मिसळलं. ढोल वेगळा काढून द्या म्हणायची सोय नाही. आज माझ्या लॅपटॉपवर हवे तितके ट्रॅक निघतात आणि त्यामुळे मी एकही निर्णय घेत नाही.

पण या क्षेत्रातली माझी सर्वांत आवडती गोष्ट आवाज चुकीच्या वाटेने गेल्याची आहे. लंडनच्याच टाउनहाउस स्टुडिओत १९७९ साली पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चाललं होतं. ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम, ढोलांवर फिल कॉलिन्स. तिथल्या एसएसएल कन्सोलला छताला टांगलेला एक माईक जोडलेला होता, वादकांनी काचेपलीकडच्या माणसांशी बोलायचं असेल तर त्यासाठी. 'चहा आला का', 'परत घेऊ या का' एवढ्याच संभाषणाची त्याच्याकडून अपेक्षा. कुणी कोपऱ्यातून पुटपुटलं तरी कळावं आणि कुणी कानाशी ओरडलं तरी कान फाटू नयेत, म्हणून त्यावर अतिशय कडक कॉम्प्रेसर बसवलेला. कॉलिन्स वाजवत असताना ते बटण दाबलेलं राहिलं, आणि नियंत्रण कक्षातल्या स्पीकरांमधून ढोलांचा असा काही अचाट आवाज आला की सगळे बघत राहिले. पंचाईत ही, की गप्पांच्या या माईकला फितीपर्यंत वाटच ठेवलेली नव्हती. गप्पा कोण रेकॉर्ड करणार? त्यांनी कन्सोलची जोडणी बदलून घेतली. त्या आवाजाची शेपूट नॉइज गेटने कापली, आणि अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, 'इंट्रूडर'मध्ये, तो ढोल लागला. १९८१ साली कॉलिन्सच्या स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट'मुळे तो जगभर गेला आणि पुढची दहा वर्षं निम्म्या जगाचे ढोल तसेच वाजत होते. नोकराच्या जिन्याने वर आलेला माणूस दिवाणखान्यात मधोमध जाऊन बसला, आणि कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही.

संगणक आल्यावर वायरी गेल्या आणि लोकांना त्यांची आठवण यायला लागली. स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड कंपनीने २००० साली रीझन नावाचं सॉफ्टवेअर काढलं. पडद्यावर वाद्यांची मांडणी, एकाखाली एक. टॅबची कळ दाबली की अख्खी मांडणी पाठमोरी होते आणि मागच्या केबली लोंबताना दिसतात. नुसत्या दिसत नाहीत, हलतात. मांडणी फिरली की केबली क्षणभर झोके घेतात आणि मग शांत होतात. त्या झोक्याचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. गुरुत्वाकर्षण नसलेल्या जागी गुरुत्वाकर्षणाचं गणित करून कुणीतरी ते तिथे घातलंय. मला हा प्रकार फार आवडतो. एका केबलचं टोक माऊसने ओढून दुसऱ्या भोकात टाकताना, ती खरी नाही हे माहीत असूनही, माणूस श्वास धरतो.

एका सॉफ्टवेअरच्या आत इतकं सगळं जमतं. पण एका सॉफ्टवेअरमधला आवाज शेजारच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा म्हटलं की सगळे एकदम अनोळखी होतात. एकाच यंत्रात, एकाच स्मृतीच्या तुकड्यात शेजारी शेजारी राहतात, आणि एकमेकांचं काही ऐकायचं तर बाहेर स्पीकरमधून येऊन माईकमधून परत आत जावं लागतं. प्रॉपेलरहेडनेच १९९८ साली स्टाइनबर्गबरोबर यावर रीवायर नावाची तोड काढली होती. दोन सॉफ्टवेअरांमध्ये न दिसणारी वाहिनी. तिचा शिष्टाचार कडक होता: आधी यजमान उघडायचा, मग पाहुणा, बंद करताना आधी पाहुणा, मग यजमान. क्रम चुकला की दोघांचाही अबोला. वीसेक वर्षं लोकांनी हा मान सांभाळला. २०२० साल संपताना रीवायर बंद करण्यात आलं, आणि जुनी गाणी उघडणाऱ्यांना आपला पाहुणा आता येत नाही हे एकेक करून कळत गेलं.

याच कामासाठी मॅकवाल्यांनी २००४ पासून साउंडफ्लॉवर वापरलं, आता पुष्कळ जण ब्लॅकहोल वापरतात. नाव कृष्णविवराचं, पण याच्यात गेलेला आवाज दुसऱ्या टोकाने बाहेर येतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी मनावर घेऊ नये. विंडोजवाले व्हर्च्युअल केबल घेतात. ती आपण होऊन दिलेल्या देणगीवर चालते. लिनक्सवाल्यांचं मात्र निराळं. पॉल डेव्हिस नावाचा गृहस्थ ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रामरांपैकी एक. तिथून बाहेर पडल्यावर त्याने आर्डर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं आणि त्याच्यासाठी जॅक तयार केलं. जॅकमध्ये कोणीही कोणाशीही जोडावं. सिनेमा बघायचं सॉफ्टवेअर गिटारच्या इफेक्टमध्ये घाला, गिटार ब्राउझरमध्ये घाला, कुणी विचारणार नाही. याचा नकाशा पडद्यावर उघडला की डावीकडे सगळे बोलणारे, उजवीकडे सगळे ऐकणारे आणि मध्ये रेघांचं जाळं. एवढी लोकशाही दिली की माणसं काय करतात? पहिल्याच दिवशी आउटपुट इनपुटला जोडतात आणि शेजाऱ्यांना ती किंकाळी ऐकवतात. रीपर म्हणूनच अशी गोल वाट आपण होऊन करू देत नाही. कुठेतरी खोल सेटिंगमध्ये जाऊन, हो, मला कळतंय मी काय करतोय, या अर्थाची खूण करावी लागते.

या सगळ्याची खरी कसोटी मी पाहिली ती मात्र नाचाच्या गाण्यात नाही, ख्यालात. आमच्या ओळखीच्या एक गायिका आहेत, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्या पुण्यात गाणं शिकवतात. लॉकडाउनमध्ये सगळ्यांचेच वर्ग पडद्यावर गेले, तशी त्यांना न्यू जर्सीतली एक शिष्या मिळाली, आणि वर्ग परत बैठकीच्या खोलीत आले तरी ती शिष्या पडद्यावरच राहिली. मला बोलावण्यात आलं ते 'काहीतरी बघ रे जरा, तिचा दम फार कमी पडतोय' या तक्रारीवरून. दम वाढवणं हे माझं काम नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांना संशय संगणकाचा होता आणि तो बरोबर निघाला.

व्हिडिओ भेटीची ॲप बोलण्यासाठी केलेली असतात. बोलणं म्हणजे तुटक आवाज. मधे मधे थांबणारा, बदलणारा. जे एकसारखं, न बदलता चालू राहतं ते गोंगाट. पंखा, एसी, बाहेरचा पाण्याचा पंप. या न्यायाने तानपुरा हा पंखा ठरतो. ताई जुळवून घेत होत्या, जवारी साधत होत्या, आणि ॲप तितक्याच निष्ठेने तो आवाज पुसून काढत होतं. चांगला जुळलेला तानपुरा तर सर्वांत आधी जायचा, कारण तो सर्वांत एकसारखा. हे मी सांगितलं तेव्हा ताई काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बेसूर लावला असता तर पोचला असता?"

लांब आकाराचंही तेच. ताईंनी गंधार लावून धरला की चार-पाच सेकंदांनी ॲपला वाटे, हे काही बोलणं नव्हे, आणि गंधार विरत जाई. शिष्या भलतीच आज्ञाधारक. गुरूंकडून जसं आलं तसं घ्यायचं हे तिच्या मनावर बिंबलेलं, त्यामुळे तिनेही प्रत्येक लांब स्वर चार सेकंदांनी अलगद विरवायला सुरुवात केली होती. ताईंना वाटत होतं दम कमी पडतोय. असंच चालू राहिलं असतं तर एक नवं घराणं निघालं असतं आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी त्याच्या गायकीवर प्रबंध लिहिला असता. उपाय सेटिंगमध्येच होता: आवाज आहे तसा पाठव, सुधारू नकोस, अशी खूण. पण ती खूण केली की ॲपची प्रतिध्वनी पुसायची सोयही ढिली पडते, आणि इथे स्पीकर चालू असला तर शिष्येला स्वतःचाच आवाज, क्षणभर उशिरा, परत ऐकू येतो.

म्हणून ताईंच्या कानांवर हेडफोन चढला आणि सगळी मांडणी नव्याने करावी लागली. ताईंचा माईक एका ट्रॅकवर. तानपुरा दुसऱ्या ॲपमधून, व्हर्च्युअल केबलने, दुसऱ्या ट्रॅकवर. ऐकवायच्या जुन्या बंदिशी तिसऱ्यावर. हे तिन्ही बस तीन-चारवर, आणि ती बस भेटीच्या ॲपचा माईक म्हणून. शिष्येचा आवाज आत येणार तो थेट ताईंच्या हेडफोनात, बस तीन-चारला वळसा घालून. कुठल्याही बाजूला स्वतःचं स्वतःला परत जाता कामा नये. रेडिओवाले श्रोत्याला फोनवर घेतात तेव्हा हेच करतात. त्याला मिक्स-मायनस म्हणतात. ज्याला पाठवायचं त्याला बाकी सगळं, वजा तो स्वतः. ताईंना मी कागदावर काढून दाखवलं.

"म्हणजे मला सगळ्यांचं ऐकायचं, माझं सोडून?"

"हो, हेडफोनात तसंच."

"ते मी लग्न झाल्यापासून करतेय," ताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मग सॅम्पल रेटचं प्रकरण. शिष्येने तिकडे रियाज रेकॉर्ड करून फाइल पाठवली. ताईंनी ऐकली आणि कपाळाला हात लावला. मुलीची पट्टी काळी चार, आणि ती गात होती पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधल्या कुठल्यातरी फटीत, जिथे पेटीवर बोट ठेवायलाच जागा नाही. शिवाय लयही रेंगाळलेली. फाइल सेकंदाला ४८,००० नमुन्यांची होती आणि मधल्या एका टप्प्याने ती ४४,१०० ची समजून वाजवली. एवढ्याने सूर जवळजवळ दीड अर्धस्वर खाली येतो आणि दहा मिनिटांचा बडा ख्याल अकरा मिनिटांच्या जवळ जातो. मुलीचा काही दोष नव्हता. आकडा बदलून पुन्हा लावली तेव्हा काळी चार जागच्या जागी. ताईंनी मात्र त्या गावी न पोचलेल्या पट्टीचं कौतुकच केलं. म्हणाल्या, "तिथे गंधार काय छान लागत होता पण."

तबल्याचा हट्ट त्यानंतर सुरू झाला. ताईंचे नेहमीचे तबलजी शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांना इथे बसवायचं, तिने तिथे गायचं, एवढी साधी मागणी. इथे गणित आडवं येतं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बैठकीत तबलजी गवयापासून मीटरभर अंतरावर, म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद. संगणकात बफर, म्हणजे तो एका घासात घेतो तो आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांचा ठेवला तर एका दिशेने उशीर साधारण तेवढाच, म्हणजे बैठक कायम. संगणक दमतो म्हणून तो ५१२ केला की तबलजी सरकून साडेतीन मीटरवर जातात. तेही चालतं. पण पुणे ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. मधे कुठेही न थांबता, सरळ रेषेत गेला तरी बासष्ट मिलिसेकंद जायला, तेवढीच यायला. म्हणजे एका दिशेच्या हिशोबाने तबलजी वीसएक मीटर दूर, आणि प्रत्यक्षात तंतू सरळ जात नाहीत, त्यामुळे त्याच्याही कितीतरी पुढे. विलंबित एकतालात एखाद्याला हे पचलं असतं, चौथ्या मात्रेच्या तिरकिटापर्यंत. पण मिनिटाला तीनशे मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्राच दोनशे मिलिसेकंदांची. जाण्यायेण्यात अर्ध्याहून जास्त मात्रा समुद्रात बुडते. तबलजींच्या समेवर मुलगी पोचेल तोवर तबलजी पुढे निघून गेलेले.

भाच्याला विचारलं. त्याने डोकं न खाजवता सांगितलं, "तबला तिच्याकडे ठेव ना." बरोबर होतं. तबल्याचं ॲप न्यू जर्सीत, तिच्याच खोलीत. तिने त्याच्याबरोबर गायचं. गाणं आणि तबला दोन्ही एकाच वाटेने, एकत्र निघून पुण्याला पोचतात. उशिरा पोचतात, पण एकमेकांना धरून पोचतात. ताईंना सम समेवरच ऐकू येते. आपल्या शेजारच्या गल्लीतल्या तबलजींना हे कसं सांगायचं, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या बाहेरचा होता. तो ताईंनी एक डबा अनारसे पाठवून सोडवला.

एक अडचण तेवढी उरली. शिकवताना ताईंचा हात मांडीवर ताल देतो. त्यांना सम बरोबर ऐकू येते, त्या बरोबर टाळी देतात, आणि ती टाळी पडद्यावरून तिकडे पोचते तेव्हा मुलगी पुढच्या मात्रेवर गेलेली असते. ती बिचारी गुरूंच्या हाताकडे बघून लय मागे खेचायची, ताईंना ती मागे पडलेली वाटायची, ताई आणखी जोरात टाळी द्यायच्या. मी सुचवलं की वर्ग चालू असताना हात बांधून बसा. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सुचवलेलं मागे घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तो कॅमेरा जरा वर कर बघू. गळ्यापर्यंतच दिसू देत."